‘कान’ची दुसरी चावी

आधी घडले ते. मग मृत्युपत्र.

१. मी आणि माझा मोठा भाऊ, दोघांनी मिळून ‘कान’ नावाची एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या यंत्रांत बसवता येईल असा कोडचा तुकडा, लिहिली. सेन्सर जे आकडे पाठवतो ते ऐकायचे आणि पुढच्या यंत्राला सांगायचे, एवढेच तिचे काम. ती खुली आहे. कोणीही फुकट वापरावी, कोणीही सुधारणा पाठवावी.

२. दादाने तिच्यात एक ओळ घातली. सेन्सरकडून उत्तर आले नाही तर आकडा शून्य धरावा, अशी.

३. मी हरकत घेतली.

४. ओळ तरीही आत गेली. तिच्या डोक्यावर दादाने माझ्या नावावर काम टाकणारी कॉमेंट लिहिली: ‘टूडू (धाकटी): उत्तर न आल्यास काय करायचे ते बघणे.’

५. मी बघितले. दुरुस्ती लिहून दादाच्या होकारासाठी पाठवली. होकार आला नाही. नकारही आला नाही.

६. दादाच्या कंपनीने बनवलेली, विषारी वायू साठला की वाजणारी घंटा एका लाँड्रीच्या बॉयलरच्या खोलीत भिंतीवर लावलेली होती. तिच्या आत ‘कान’ आहे. वाफेने सेन्सरची तार सुटली. घंटेने शून्य दाखवले, म्हणजे हवा स्वच्छ. हवा स्वच्छ नव्हती. तिथे इस्त्री करणारी बाई खाली पडली. ती वाचली. पूर्वीसारखी राहिली नाही.

७. कंपनीच्या अहवालात लिहिले आहे: ‘सदर त्रुटी बाहेरच्या खुल्या भागातील असून ती त्या भागाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीच्या नावावर प्रलंबित होती.’ ती व्यक्ती मी, पुढे कंसात माझे नावही आहे.

८. सोमवार, १८ नोव्हेंबर रोजी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

मी, खाली सही करणारी, घरात धाकटी म्हणून ओळखली जाणारी, अविवाहित, कोड लिहिणे आणि त्याहून जास्त तपासणे हा व्यवसाय, हे माझे मृत्युपत्र माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके शाबूत आहे. बिघाड त्याच्या खाली आहे: एक झडप पूर्ण मिटत नाही. जन्मापासूनच मिटत नव्हती. सर्जन म्हणाले, ‘बहुतेक पेशंट आठवड्यात हिंडायला लागतात.’ मी विचारले, ‘बाकीचे?’ ते म्हणाले, ‘तुम्ही बाकीच्यांचा विचार करू नका.’ मला तेवढाच विचार करायचे शिक्षण मिळाले आहे. म्हणून हा कागद.

कलम १. बँकेतली शिल्लक, विम्याचे जे काय येईल ते, आणि कपाटातली कानातली आईला. हिशेब तिला माहीत आहे. माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत असतो.

आईला माझे काम कधी पटले नाही. फुकट काम, परक्या लोकांसाठी, तेही त्यांच्या शिव्या खाऊन. ती म्हणायची, ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. निदान लष्कर ओळखीचं तरी असावं.’

अहवाल आला तेव्हा ती म्हणाली, ‘दोघं भावंडं आहात. घरातलं घरात मिटवा.’

‘आई, ते घरात नाहीये. लोकांच्या भिंतींवर टांगलेलं आहे.’

‘मग भिंतीवरून काढायला सांग त्याला.’

‘त्यालाच सांगतेय केव्हाची.’

ती भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली तिने एकत्र करून टाकली आणि पुन्हा निवडायला बसली. एवढेच. तिला यापुढे मध्ये घालू नये. शस्त्रक्रियेनंतर काही बरेवाईट झाले तर तिला दादाने स्वतः सांगावे, फोनवर नाही.

कलम २. वडिलांनी घर आम्हा दोघांच्या नावावर ठेवले. माझा अर्धा हिस्सा आईला तिच्या हयातीपर्यंत, नंतर दादाला. या कलमाला अट नाही. घर आणि कोड यांची मी सांगड घालणार नाही. दादाने घातली होती. अहवाल बाहेर पडायच्या आधी तो वर माझ्या खोलीत आला, खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, ‘घर सगळं तुझ्या नावावर करून देतो. उगाच भागीदारी कशाला ठेवायची? फक्त तू कुठे काही लिहीत बसू नकोस.’

‘आणि दुरुस्ती?’

‘तुझा चहा गार होतोय.’

चहा गार झाला होता. दुरुस्ती तिथेच आहे.

कलम ३. पांढऱ्या मुठीचा टेस्टर दादाला.

हा टेस्टर मूळचा त्याचाच, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा. नोकरी लागली तेव्हा त्याने मला दिला. त्याआधी वापरायला शिकवला होता. स्वयंपाकघरातला बोर्ड बिघडला होता, मी टेस्टर लावला, दिवा लागला नाही, मी तारेकडे हात नेला. दादाने मनगटावर चापट मारली. अजून लागते ती. म्हणाला, ‘दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं कोणी सांगितलं तुला? टेस्टरच मेलेला असेल तर? आधी चालू सॉकेटला लावून बघ. दिवा लागला? आता बोर्डाला लाव. आता परत सॉकेटला लाव. मग हात घाल.’

मी विचारले, ‘परत कशाला?’

‘मधल्या मधे मेला असेल तर?’

मी आजवर जे काही तपासले ते या चापटीच्या जोरावर. मुका टेस्टर आणि मेलेली तार दिसायला सारखीच दिसतात हे मला पुस्तकाने सांगितले नाही, दादाने सांगितले. म्हणून त्याची ती ओळ अज्ञानातून आली असे मी कुठेही लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही.

टेस्टर चालू आहे. काल सॉकेटला लावून बघितला.

कलम ४. खुर्ची आईला, ती वरच्या मजल्यावर येत नाही म्हणून खाली नेऊन द्यावी. पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत, उरलेली रद्दीत. पुस्तकांवर माझे नाव घातलेले नाही, त्यामुळे कोणाला संकोच नको. लॅपटॉपचे कलम ७ मध्ये.

कलम ५. लोकांनी पाठवलेल्या आणि अजून न तपासलेल्या सुधारणांविषयी.

रांगेत जे बदल पडून आहेत त्यांतले बरेचसे चांगले आहेत. ज्यांनी पाठवले त्यांना मी ओळखत नाही. कोणी फक्त एका चुकीच्या आकड्यासाठी अर्धी रजा घालवलेली दिसते. त्यांना उत्तर द्यावे. उशीर झाला असे लिहावे, का झाला ते लिहू नये.

मला वर्षानुवर्षे ‘सर’ म्हणणाऱ्यांना माफ केले. ‘मॅडम, कोड तुम्ही स्वतः तपासता का?’ असे विचारणाऱ्याला नाही. एका मोठ्या फर्मच्या मॅनेजरने लिहिले होते: ‘आमची सगळी यंत्रे तुमच्यावर अवलंबून आहेत, हे असे चालणार नाही.’ मी त्याला लिहिले, ‘बरोबर आहे, असे चालू नये. कोणी माणूस देता का तपासायला?’ त्याने अंगठा वर केलेले चित्र पाठवले. माणूस पाठवला नाही. त्याचा निरोप जपून ठेवला आहे, तो कोणालाच देत नाही, माझ्याबरोबर जाऊ दे.

कलम ६. मागे राहिलेले टूडू.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी: कोड लिहिताना एखादी गोष्ट आत्ता जमत नसेल तर तिथेच एक ओळ लिहून ठेवतात, ‘टूडू, हे नंतर करणे.’ यंत्र ती ओळ वाचत नाही. ती माणसांसाठी असते. माणसेही वाचत नाहीत.

‘टूडू: हे तात्पुरते आहे’ ही ‘कान’मधली सर्वांत जुनी ओळ. ती तशीच ठेवावी, तिने सगळ्यांना मागे टाकले आहे. ज्यांचे लिहिणारे सोडून गेले ते बेवारस टूडू एकेक करून वाचावेत. करण्यासारखे असेल ते करावे, नसेल ते पुसावे, पण नुसते पुढे ढकलू नये.

माझ्या हातच्या टूडूंपैकी एक शिल्लक आहे. मी शिकत होते तेव्हाचा. ‘टूडू: दादाला विचारणे, त्याला माहीत असेल.’ हा पुसावा.

कलम ७. चावी. हे मृत्युपत्र मुख्यतः या कलमासाठी आहे.

ती ओळ आत कशी गेली ते आधी सांगते, कारण अहवालात ते नाही. तेव्हाचा नियम असा होता: बदल आत घ्यायला दोन होकार हवेत, कोणाचेही. लिहिणाऱ्याचा स्वतःचा होकार मोजला जायचा. दादाचा एक मित्र होता, कॉलेजपासूनचा, तो ‘कान’वर आमच्याबरोबर होता. तो प्रत्येक बदलाखाली एकच उत्तर लिहायचा. त्यामुळे सगळे त्याला ‘ठीकदिसतंय’ म्हणतात.

मी त्या ओळीखाली लिहिले होते, ‘सेन्सर गप्प बसला तर? शून्य म्हणजे हवा स्वच्छ. गप्प म्हणजे माहीत नाही. हे दोन एक नव्हेत.’

दादाने लिहिले, ‘उद्या गिऱ्हाइकाला दाखवायचंय. तार जरा हलली की पडदा लाल होतो. लाज जाईल. आत्ता शून्य धर, नंतर बघू.’

‘नंतर कोण बघणार?’

‘तुलाच शंका आहे ना? मग तुझ्याच नावावर टाकतो.’

त्याखाली मित्राने लिहिले, ‘ठीक दिसतंय.’

झाले दोन होकार.

म्हणून मी नियम बदलून घेतला. यापुढे दोन ठरलेल्या चाव्यांशिवाय कोडचे एक अक्षर आत जाणार नाही: एक दादाची, एक माझी. बोटाच्या पेराएवढी चावी असते, कॉम्प्युटरला लावून दाबावी लागते. दादाला नियम आवडला. ‘लाव कुलूप,’ म्हणाला. ‘उद्या मी बसखाली आलो तर?’ असे म्हणून त्याने स्वतःच नियमाच्या पानावर वाक्य घातले: चावी असलेला माणूस राहिला नाही तर त्याने लिहून ठेवलेल्या माणसाकडे चावी जाईल.

वाईट ओळी आत येऊ नयेत म्हणून मी हे कुलूप लावले. पहिली चांगली ओळ आली ती माझी दुरुस्ती, आणि ती या कुलपाबाहेर बसली आहे.

दुरुस्ती छोटी आहे. उत्तर आले नाही तर ‘माहीत नाही’ असे सांग आणि घंटा वाजव. दादाला तिच्यात एकही चूक सापडलेली नाही, कारण त्याने ती उघडलेली नाही. आधी म्हणायचा, ‘बघतो.’ मग, ‘सगळ्या घंटांचं टेस्टिंग परत करावं लागेल, साहेब ऐकणार नाहीत.’ लाँड्रीच्या प्रकारानंतर म्हणाला, ‘वकिलांनी सांगितलंय, त्या ओळीला हात लावायचा नाही. हात लावला म्हणजे चूक कबूल केली.’

‘आणि नाही लावला तर?’

‘मौनं सर्वार्थसाधनम्.’ तो हसत नव्हता.

कोणी विचारेल, तू वेगळी प्रत काढून त्यात दुरुस्ती का नाही घातलीस. घातली आहे. ‘कान’च्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत इशाराही लिहिला आहे, लाँड्रीची बातमी कळली त्याच दिवशी. पण भिंतीवरच्या घंटा पहिले पान वाचत नाहीत. त्या मूळ ‘कान’मध्ये नवीन काय आले ते आपणहून ओढून घेतात, फक्त तिथूनच. मूळ ‘कान’ला दोन चाव्या लागतात. दुसऱ्या लाँड्र्या आहेत, बेकऱ्या आहेत, एका हॉस्टेलचे तळघर आहे. तिथल्या तारा आज घट्ट असतील.

तर माझी चावी:

(अ) दादाने दुरुस्तीला होकार दिला, तर माझ्यामागे लॅपटॉपसकट माझी चावी ‘कासव’ या टोपणनावाने सुधारणा पाठवणाऱ्या व्यक्तीकडे जावी. आमची भेट झालेली नाही. ती व्यक्ती सावकाश वाचते आणि प्रत्येक बदलाला निदान एक प्रश्न विचारते. बाई की पुरुष, मला माहीत नाही, आणि मी विचारले नाही.

(आ) दादाने कारण देऊन, सर्वांसमोर लिहून नकार दिला, तरीही चावी कासवाकडेच जावी. लेखी नकाराशी भांडता येते. कासव भांडेल.

येथे मृत्युपत्र संपले होते. पुढचे दुसऱ्या दिवशी, साक्षीदार आल्यावर लिहिले.

पहिली साक्ष आमच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांनी माझी नाडी बघितली, कागद बघितला नाही, आणि विचारले, ‘डोकं ठिकाणावर आहे ना ग?’

मी म्हणाले, ‘झडप सोडून सगळं ठिकाणावर आहे.’

दुसरी साक्ष ठीकदिसतंयची. त्याला बोलावण्यामागे माझा हेतू चांगला नव्हता. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही करणारा माणूस सही करताना बघितला की पुरते. न वाचता होकार देणारा याहून अनुभवी माणूस माझ्या ओळखीत नाही. मी पेन पुढे केले.

तो म्हणाला, ‘वाचू का?’

‘गरज नाही. मी सही करताना बघ, आणि खाली तुझी कर.’

‘वाचतो.’

त्याने खुर्ची खिडकीकडे ओढली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितले. कलम ७ वर तो थांबला.

‘हे मला म्हणता तुम्ही? ठीकदिसतंय?’

‘सगळेच म्हणतात.’

‘तोंडावर कोणी म्हटलं नाही कधी.’

‘तू कधी काही विचारलं नाहीस.’

तो पान उलटेना. मग म्हणाला, ‘त्या दिवशी मी ती ओळ वाचलीच नव्हती. तुझ्या दादाने फोन केला, म्हणाला धाकटीने बघितलंय. तू बघितलंयस म्हटल्यावर मी कशाला बघू? तुझ्या नजरेतून काय सुटतं?’

दादा खोटे बोलला नव्हता. मी बघितले होते. बघून काय म्हटले, ते त्याने सांगितले नाही आणि याने विचारले नाही. आमच्या धंद्यात माणसे अशीच पडतात: प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने वाचले आहे.

मी म्हणाले, ‘झालं वाचून? कर सही.’

‘एक शंका आहे.’

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे तीन शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

‘होकार आला तर अ. नकार आला तर आ,’ तो म्हणाला. ‘उत्तरच आलं नाही तर?’

मी कागद हातात घेतला. पुन्हा वाचला. खाली काही नव्हते.

‘तो आजवर ना हो म्हणालाय, ना नाही म्हणालाय,’ ठीकदिसतंय म्हणाला. ‘तेच करेल. मग तुझी चावी कुठे जाणार? कुठेच नाही. म्हणजे तूही शून्यच धरलंयस की.’

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मला क्लिनिकला जायचंय. सही आहे का नाही?’

मी म्हणाले, ‘उद्या.’

बरोबर आहे त्याचे. ज्या एका गोष्टीपायी हा सगळा कागद लिहिला तीच त्यात नव्हती. मी ती कॉमेंट लिहून पुढे ढकलली नाही. कलम लिहिले. त्यासाठी आधी दोन बस बदलून इस्त्रीवाल्या मावशींकडे गेले.

त्या आता इस्त्री करत नाहीत. उजवा हात थरथरतो. लाँड्रीवाल्याने त्यांना घड्या घालायचे काम दिले आहे. बोलताना मध्येच शब्द हरवतो, इस्त्रीला त्या ‘ते गरम’ म्हणतात. दार त्यांनीच उघडले.

‘कागदात तुझंच नाव होतं ना?’

‘हो.’

‘मग तू कशाला आलीस? बाकी कोणी आलं नाही.’

‘काम घेऊन आले, मावशी.’

‘काम? मला?’ त्यांनी स्वतःचा हात वर करून मला दाखवला. ‘बघ की जरा.’

मी चावी काढून त्यांच्या समोर ठेवली. कशाची आहे ते सांगितले. दोन चाव्या, एक भावाची, एक माझी. दोन्ही लागल्याशिवाय घंटांच्या आत काही बदलत नाही. भाऊ उत्तर देत नाही. त्याने दिलेच नाही, आणि मीही राहिले नाही, तर माझी चावी त्यांनी ठेवावी.

‘मला त्यातलं काय कळतंय बाई? मला कालचं आठवत नाही.’

‘कळावं लागत नाही. कोणी बदल घेऊन आला की एकच विचारायचं. यंत्र गप्प बसलं तर हे काय करतं?’

‘एवढंच?’

‘एवढंच. पटलं तर चावी दाबायची. नाही पटलं तर परत पाठवायचं.’

‘आणि मला समजेल असं त्याने सांगितलंच नाही तर?’

‘मग पटलं नाही.’

त्या पहिल्यांदा हसल्या. ‘नवरा होता तोवर मी हेच विचारत बसायचे. हे यंत्र गप्प बसलं की समजायचं, कुठेतरी जळतंय.’ मग चावी उचलून त्यांनी उजेडात धरली. हात थरथरत होता, त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला. ‘पण तो येईल का? तुझा भाऊ?’

‘यावं लागेल. तुमच्या होकाराशिवाय त्याचं पान हलणार नाही.’

‘इथे? या खोलीत?’

‘याच खोलीत.’

‘म्हणजे चहा टाकायला हवा.’

‘नका टाकू.’

त्यांनी प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून मागितला, विसरायला होते म्हणून. मी लिहून दिला. त्यांनी तो कपाटाच्या दाराला चिकटवला. चावी आज माझ्याकडे परत आहे. प्रश्न तिथेच आहे.

म्हणून:

(इ) दादाचे उत्तर आले नाही, तर ते होकार धरू नये, नकार धरू नये, आणि शून्य तर मुळीच धरू नये. गप्प राहणे म्हणजे बिघाड समजावा. त्या स्थितीत माझ्यामागे माझी चावी आणि ती लावण्यासाठी माझा लॅपटॉप लाँड्रीतल्या मावशींना द्यावा. यापुढे ‘कान’मध्ये जे जाईल ते त्यांना विचारून जाईल. ज्याला बदल करायचा असेल त्याने त्यांच्यासमोर बसून, त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे. माझी दुरुस्ती सर्वांत आधी सांगावी. ती सांगायला सोपी आहे.

लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून मावशींची सही येथे नाही.

कलम ८. माझ्यासाठी कोणी काही लिहू नये. ‘कान’च्या पहिल्या पानावर माझ्या नावापुढे एक शब्दही वाढवू नये. अहवालातले माझे नाव मात्र कोणी खोडायला जाऊ नये. टूडू माझ्या नावावर होता हे खरे आहे. तो मी केला, हेही त्याच्या शेजारी लिहिलेले असावे, एवढेच.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि माझ्याशिवाय आणखी एका माणसाने खरोखर वाचले. खाडाखोड एका ठिकाणी आहे: कलम ७ मध्ये (आ) नंतर ‘येथे संपले’ असे होते, ते ‘येथे मृत्युपत्र संपले होते’ असे केले.

(सही) धाकटी

साक्षीदार १. (सही) डॉक्टरीणबाई. ‘नाडी तपासली. शुद्धीत आहे. फार बोलू देऊ नये.’

साक्षीदार २. (सही) दादाचा मित्र. ‘सगळे वाचले. एक शंका काढली होती, ती मिटली.’

स्थळ: वरच्या मजल्यावरची माझी खोली

दिनांक: शुक्रवार, ८ नोव्हेंबर

प्रत: दादाला, हातोहात. सोबत पांढऱ्या मुठीचा टेस्टर, कलम ३ प्रमाणे, वेळेआधीच.

दादा, दुरुस्ती जिथे होती तिथेच आहे. उघडून वाच, आणि होकार किंवा नकार लेखी कळव. गुरुवार, १४ नोव्हेंबरपर्यंत उत्तर यावे, ही विनंती.